प्री-सीझनमध्ये आपल्या हॉकी टीमचं रोस्टर कसं वाचायचं: कॅप, वेव्हर्स आणि ट्रेडच्या अफवा

सप्टेंबर लागला की टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडे एकच विषय सुरू होतो, यंदा टोरंटोच्या आईस हॉकी टीममध्ये, म्हणजे मेपल लीफ्समध्ये, कोण टिकणार आणि कोणाचा ट्रेड होणार. इथे आलेल्या बऱ्याच मराठी घरांत आईस हॉकी पोरांमुळे शिरली, पोरं शाळेतून शिकून आली आणि मग आई-बाबा रात्री मॅच बघायला लागले, आणि आता पुण्या-नाशिकहून पहाटे साडेचारला उठून मॅच बघणारी मंडळीपण आहेत. मॅच सगळ्यांना कळते हो, पण प्री-सीझनमध्ये जे चालतं ते कळत नाही. एखाद्या पोराने चार मॅचमध्ये तीन गोल मारले तरी त्याला खालच्या लीगमध्ये पाठवतात आणि ज्याने काहीच केलं नाही तो टीममध्ये राहतो, मग लोक कोचला शिव्या घालतात.

माझं म्हणणं एकच आहे. प्री-सीझनचे बहुतेक निर्णय बर्फावर होत नाहीत, ते पगाराच्या हिशोबावर आणि वेव्हर्सच्या नियमावर होतात (वेव्हर्स म्हणजे खेळाडूला खाली पाठवण्याआधी बाकीच्या टीमना तो उचलायची संधी देणं). हा हिशोब तुम्ही घरी बसून स्वतः मांडू शकता, आणि एकदा मांडला की दहातल्या आठ अफवा वाचायचीसुद्धा गरज उरत नाही. खाली मी जे सांगतोय ते एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगच्या, ३२ पैकी कुठल्याही टीमला चालेल, उदाहरणं मात्र मुख्यतः लीफ्सची घेतोय कारण तीच मला जवळून माहीत आहेत.

पायरी १: कॅम्प सुरू व्हायच्या आधी आपला तक्ता बनवा

एक कोरी शीट उघडा, कागद असला तरी चालेल. सीझनमध्ये एनएचएल टीमला जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात, म्हणून २३ ओळी. मॅचला उतरतात २०, त्यात १८ स्केटर आणि २ गोलकीपर. बहुतेक टीम १३ किंवा १४ फॉरवर्ड, ७ किंवा ८ डिफेन्समन आणि २ गोलकीपर अशी विभागणी करतात. कॅम्पला मात्र पन्नास-साठ जण येतात, त्यामुळे मारामारी खरी शेवटच्या तीन-चार जागांसाठीच असते, वरचे १८-१९ जण उन्हाळ्यातच ठरलेले असतात.

प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहा: कॅप हिट (टीमच्या पगार-मर्यादेत धरला जाणारा त्याचा आकडा) किती, कराराची किती वर्षं उरली, खाली पाठवायला वेव्हर्स लागतात का, करारात ट्रेड अडवणारं कलम आहे का, आणि वय. ही माहिती पकपीडिया आणि कॅपवेजेस या साइट्सवर फुकट मिळते. आधी सगळे कॅपफ्रेंडली वापरायचे पण ती साइट २०२४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने विकत घेतली आणि लोकांसाठी बंद झाली, म्हणजे एका टीमला ती माहिती इतकी मोलाची वाटली की त्यांनी अख्खी साइट घरात आणली. यावरून हा तक्ता किती महत्त्वाचा आहे ते समजून घ्या.

पाचपैकी वेव्हर्सचा रकाना सगळ्यात आधी भरा. तो रिकामा ठेवून बाकीचं भरलंत तर अंदाज चुकणारच.

पायरी २: कॅपचा हिशोब लावा

आयपीएलमध्ये जशी पर्स असते तशी इथे सॅलरी कॅप, फरक एवढाच की ही लिलावाच्या दिवसापुरती नसते, सीझनच्या रोजच्या रोज मोजली जाते. २०२४-२५ ला कमाल मर्यादा ८८ मिलियन डॉलर होती, २०२५-२६ ला ९५.५ झाली, २०२६-२७ साठी १०४ आणि त्यापुढच्या सीझनसाठी ११३.५ असं लीगने आधीच जाहीर केलं. कित्येक वर्षं कोविडमुळे कॅप जवळजवळ गोठलेला होता आणि आता तो पळतोय, म्हणून जुन्या नजरेने महाग वाटणारे करार आता तेवढे महाग नाहीत हे डोक्यात ठेवा.

कॅप हिट म्हणजे त्या वर्षी हातात पडणारे पैसे नव्हेत, पूर्ण कराराची वर्षाची सरासरी. लीफ्सच्या स्टार फॉरवर्ड नायलँडरला एखाद्या वर्षी किती रोख मिळाले याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, तक्त्यात त्याचे ११.५ मिलियनच लिहायचे. मॅथ्यूज १३.२५. दुसरा स्टार मार्नर टीम सोडून गेल्यावर २०२५ च्या उन्हाळ्यात नाईजशी सहा वर्षांचा करार ७.७५ ने झाला आणि टवारेस ११ वरून साधारण ४.३९ वर आला, म्हणजे वरच्या चौघांतच काय उलथापालथ झाली बघा.

उन्हाळ्यात टीमला मर्यादेच्या १० टक्के वर जाता येतं. म्हणून ऑगस्टमध्ये कोणी ओरडलं की आपण कॅपच्या वर आहोत, आता ट्रेड करावाच लागेल, तर घाबरायचं नाही. हिशोब बसवायची वेळ सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, ईस्टर्न टाइमने संध्याकाळी ५ वाजता. भारतात तेव्हा रात्रीचे अडीच.

आता एक गोष्ट जी बरेच लोक विसरतात. खेळाडूला खाली एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालची लीग) पाठवलं म्हणून त्याचा सगळा कॅप हिट सुटत नाही. लीगचा किमान पगार अधिक ३,७५,००० डॉलर एवढीच सूट मिळते. २०२५-२६ ला किमान पगार ७,७५,००० होता, म्हणजे सूट ११.५ लाख डॉलर. लीफ्सचा सेंटर डेव्हिड काम्फ २.४ मिलियनला होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला वेव्हर्सवर टाकून टोरंटो मार्लिस या लीफ्सच्या एएचएल टीमला पाठवलं तेव्हा १.२५ मिलियन तरीही लीफ्सच्या कॅपवर बसून राहिले. आणि त्याला कोणी उचललं का नाही, तर तोच २.४ चा आकडा. खेळाडू वाईट नव्हता, चौथ्या लाईनच्या (सगळ्यात कमी खेळणाऱ्या फळीच्या) सेंटरला तेवढे पैसे आणि वर पुढच्या सीझनचाही करार, हे कोणालाच नको होतं. नोव्हेंबरमध्ये करारच रद्द झाला आणि मग व्हँकूव्हरने त्याला नव्या कमी पगारावर लगेच घेतलं. खेळाडू तोच होता, फक्त आकडा बदलला.

दुखापतग्रस्त खेळाडूंसाठी एलटीआयआर म्हणून सोय आहे, किमान १० मॅचेस आणि २४ दिवस बाहेर असणाऱ्याच्या जागी टीमला कॅपच्या वर खर्च करता येतो. पूर्वी याचा फार फायदा घ्यायचे, सीझनभर स्टार खेळाडू बाहेर ठेवायचा आणि प्लेऑफला आणायचा कारण प्लेऑफला कॅपच नव्हता. २०२५-२६ पासून प्लेऑफमध्येही त्या दिवशी खेळणाऱ्या २० जणांचा हिशोब कॅपमध्ये बसावा लागतो, आणि खेळाडू सीझनमध्ये परत येणार असेल तर एलटीआयआरची सूट लीगच्या सरासरी पगारापुरतीच मिळते. त्यामुळे २०२५ च्या आधीची एलटीआयआरची जुगाडं बघून अंदाज बांधू नका.

अजून एक, कॅप रोजचा मोजतात म्हणून सुरुवातीला मोकळी जागा ठेवणाऱ्या टीमची ती जागा साठत जाते. ऑक्टोबरमध्ये १ मिलियन मोकळे असतील तर मार्चच्या ट्रेड डेडलाईनला चार मिलियनपेक्षा जास्त कॅप हिटचा खेळाडू घेता येतो, फक्त मध्ये एलटीआयआर वापरलेला नसावा. म्हणून काही जीएम (टीमचे जनरल मॅनेजर) मुद्दाम २३ ऐवजी २१ किंवा २२ जणांवर सीझन सुरू करतात. रिकामी जागा दिसली की लगेच आता ट्रेड येणार असं समजू नका.

पायरी ३: वेव्हर्स, इथे जरा थांबून वाचा

एनएचएलमधल्या खेळाडूला एएचएलला पाठवायचं असेल आणि त्याची सूट संपली असेल तर त्याला आधी वेव्हर्सवर टाकावं लागतं. रोज ईस्टर्न टाइमने दुपारी २ वाजता यादी येते, २४ तास बाकीच्या ३१ टीम त्याला फुकटात उचलू शकतात, फक्त त्याचा करार घ्यावा लागतो. भारतातून बघणाऱ्यांसाठी ऑक्टोबरमध्ये हे रात्री साडेअकराला येतं, झोपायच्या आधी बघायला बरं. एकापेक्षा जास्त टीमनी मागितलं तर सगळ्यात खालच्या टीमला मिळतो. १ नोव्हेंबरपर्यंत मागच्या सीझनचा क्रम धरतात, त्यानंतर चालू सीझनचा.

सूट कोणाला? पहिला करार कितव्या वर्षी केला त्यावर अवलंबून असतं. स्केटरचं साधारण असं, २० व्या वर्षी केला तर ३ वर्षं किंवा १६० एनएचएल मॅचेस यातलं जे आधी होईल ते, २५ व्या किंवा त्यापुढे केला तर एकच वर्ष. गोलकीपरची कोष्टकं वेगळी. साइटवर प्रत्येकापुढे हे लिहिलेलं असतं, पाठ करत बसू नका.

याचा परिणाम असा की कॅम्पमध्ये दोन खेळाडू सारखेच असतील तर ज्याला सूट आहे तो खाली जातो. अगदी तो थोडा चांगला असला तरी. कारण त्याला खाली पाठवलं तर टीम काहीच गमावत नाही, दुसऱ्याला पाठवलं तर तो कायमचा जाऊ शकतो. हा एक नियम समजला की कॅम्पच्या शेवटच्या आठवड्यातली निम्मी आदळआपट तुम्हाला आधीच दिसते.

२०१८ ची गोष्ट सांगतो कारण लीफ्सचे जुने फॅन अजून ती विसरलेले नाहीत. फ्रेडरिक अँडरसनच्या मागे बॅकअप कोण हा प्रश्न होता. तिघेजण होते, अनुभवी कर्टिस मॅकएलहिनी, कॅल्विन पिकार्ड आणि मार्लिसला त्याच वर्षी एएचएलचा काल्डर कप जिंकून दिलेला गॅरेट स्पार्क्स. तिघांनाही खाली पाठवायला वेव्हर्स लागत होते. जीएम काईल डुबास नवीनच आला होता, त्याने स्पार्क्सला ठेवलं आणि बाकी दोघांना वेव्हर्सवर टाकलं, निदान एक तरी परत मिळेल अशी अपेक्षा होती. दोघेही गेले! मॅकएलहिनीला कॅरोलायनाने उचललं कारण त्यांचा स्कॉट डार्लिंग प्री-सीझनमध्येच जखमी झाला होता, आणि पिकार्डला फिलाडेल्फियाने. पुढे मॅकएलहिनी कॅरोलायनाबरोबर २०१९ ला कॉन्फरन्स फायनलपर्यंत पोचला, आणि स्पार्क्सला लीफ्सने पुढच्याच उन्हाळ्यात व्हेगासला देऊन टाकलं.

यातून शिकायचं काय तर आपला खेळाडू किती चांगला आहे एवढंच बघून भागत नाही, बाकीच्या ३१ टीममध्ये त्या आठवड्यात कोणाला काय कमी आहे ते बघा. गोलकीपरच्या बाबतीत तर हे हमखास, एक दुखापत झाली की बाजारभाव बदलतो. २०२५ ला हेच उलट बाजूने झालं, लीफ्सचा जोसेफ वोल वैयक्तिक कारणासाठी रजेवर होता, अँथनी स्टोलार्झच्या मागे माणूस हवा होता, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला लीफ्सने कॅरोलायनाचा केडन प्रिमो वेव्हर्सवरून उचलला. पण दरवेळी कोणी उचलतंच असंही नाही, २०२३ ला लीफ्सने मार्टिन जोन्सला वेव्हर्सवर टाकलं, कोणी घेतलं नाही, आणि तोच पुढे डिसेंबर-जानेवारीत टीमचा आधार झाला.

उचलणाऱ्या टीमवरही बंधन असतं, त्या खेळाडूला आपल्या २३ मध्ये ठेवावं लागतं, नको झाला तर परत वेव्हर्स. म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत जेव्हा यादीत पंचवीस-तीस नावं एकदम येतात तेव्हा बहुतेक सगळे सुटतात, कारण सगळ्यांच्याच टीम भरलेल्या असतात. हुशार जीएम आपला जोखमीचा खेळाडू याच गर्दीत लपवतात. तुमच्या तक्त्यातलं एखादं नाव गर्दीच्या दिवशी टाकलं की एकट्याने टाकलं हे नक्की टिपून ठेवा.

पायरी ४: ज्युनियरच्या पोरांचं गणित वेगळं

कॅनेडियन ज्युनियर लीगमधून ड्राफ्ट झालेल्या (टीमनी दरवर्षीच्या निवडीत घेतलेल्या) १८-१९ वर्षांच्या पोरांना २०२५-२६ पर्यंत एएचएलला पाठवता येत नव्हतं, एक तर एनएचएल नाहीतर परत ज्युनियर. २०२६-२७ पासूनच्या नव्या करारात प्रत्येक टीमला एका १९ वर्षांच्या खेळाडूसाठी ही वाट मोकळी होतेय, तो मोठा बदल आहे, तक्त्यात लिहून ठेवा. दुसरं म्हणजे अशा पोराने एनएचएलमध्ये १० पेक्षा कमी मॅचेस खेळल्या तर त्याचा एंट्री-लेव्हल (पहिला) करार एक वर्ष पुढे सरकतो, म्हणूनच ९ मॅचेसची ती ट्रायल असते.

फ्रेझर मिंटन २०२३ ला कॅमलूप्सच्या ज्युनियर टीमचा १९ वर्षांचा पोरगा, कॅम्पमध्ये इतका चांगला खेळला की पहिल्याच मॅचला उतरला, चार मॅचेसनंतर परत ज्युनियरला. लोक हळहळले पण टीमने त्याचं कराराचं वर्ष वाचवलं होतं. मार्च २०२५ मध्ये हाच मिंटन ब्रँडन कार्लोसाठी बॉस्टनला गेला, त्याच्याबरोबर पहिल्या राउंडचा पिकही (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क). कॅम्पमध्ये चमकणाऱ्या पोराकडे बघताना हेही लक्षात असू द्या की बाकीच्या टीमचे स्काउट तिथेच बसलेले असतात.

ईस्टन कावनचंही तसंच, २०२३ चा पहिल्या राउंडचा पिक, २०२४ च्या कॅम्पनंतर लंडन नाईट्स या ज्युनियर टीमला परत गेला कारण मध्ये काही पर्यायच नव्हता. तिथे त्याने २०२५ चा ज्युनियरचा मेमोरियल कप जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडूही ठरला, आणि वीस पूर्ण झाल्यावर मार्लिसचा रस्ता खुला झाला.

पायरी ५: प्री-सीझन मॅचमध्ये बघायचं काय

गोल मोजू नका. नियमाने प्रत्येक टीमला मॅचला किमान ८ अनुभवी खेळाडू उतरवावे लागतात, बाकीचे कोणीही असू शकतात, त्यामुळे तीन गोल कोणाविरुद्ध मारले हे बघितल्याशिवाय त्याला किंमत नाही.

बघायचं असेल तर हे बघा, कोच पेनल्टी किलला (शिक्षेमुळे आपला एक खेळाडू कमी असताना बचावाला) कोणाला पाठवतोय. शेवटच्या जागा तिसऱ्या-चौथ्या लाईनच्या असतात आणि तिथे पेनल्टी किल करणारा माणूस लागतो, पॉवर प्लेवर (समोरच्यांचा खेळाडू कमी असताना) मॅथ्यूज आणि नायलँडर असताना अजून एका गोल मारणाऱ्याला जागा कुठून मिळणार. क्रेग बेरुबे कोच असताना हे अगदी स्पष्ट दिसायचं, अंगावर जाणारा, जड खेळणारा माणूस त्याला हवा असायचा. शेवटच्या दोन मॅचेसमधल्या जोड्या बघा, त्या बऱ्याचदा ओपनिंग नाईटच्याच असतात. २०२६-२७ पासून सीझन ८४ मॅचेसचा आणि प्री-सीझन फक्त ४ मॅचेसचा होतोय, म्हणजे नवीन पोरांना दाखवायला वेळच कमी, आणि आधीच ठरलेल्या गोष्टी आणखी पक्क्या.

पीटीओवाल्यांकडे मात्र लक्ष ठेवा. पीटीओ म्हणजे करार नसलेला अनुभवी खेळाडू फक्त ट्रायलसाठी कॅम्पला येतो, कॅपवर त्याचा भार नाही, ५० करारांच्या मर्यादेतही तो मोजत नाहीत. लीफ्समध्ये यातून खरंच जागा मिळतात. २०२३ ला नोआ ग्रेगर आला आणि टिकला. २०२४ ला मॅक्स पॅचिओरेटी आणि स्टीव्हन लॉरेंट्झ दोघांनाही करार मिळाले, लॉरेंट्झ किमान पगारावर राहिला आणि २०२५ ला त्याच टीमने त्याला तीन वर्षांसाठी वर्षाला १.३५ मिलियन दिले. मला हा भाग फार आवडतो, कोणी हमी न देता माणूस येतो आणि स्वतःची जागा करतो.

पायरी ६: सही न केलेले खेळाडू

रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट (आरएफए), म्हणजे करार संपलाय पण हक्क टीमकडेच आहेत असा खेळाडू, कॅम्पला आला नाही की ट्रेडच्या बातम्यांचा पूर येतो. इथे एकच तारीख महत्त्वाची, १ डिसेंबर, संध्याकाळी ५. तोपर्यंत सही नाही तर तो सीझन गेला. नायलँडरने २०१८ ला अगदी त्याच दिवशी, शेवटच्या मिनिटांत सही केली. त्या दोन-अडीच महिन्यांत त्याला अर्ध्या लीगमध्ये पाठवून झालं होतं अफवांनी, आणि तो आजवर लीफ्सचाच राहिला.

बॉस्टनचा जेरेमी स्वेमन २०२४ ला असाच अडला. टीमचे प्रेसिडेंट कॅम नीली यांनी पत्रकारांसमोर ६४ मिलियनचा आकडा काढला, खेळाडूच्या एजंटने अशी ऑफर आलीच नाही म्हणून सांगितलं, सगळ्यांना वाटलं आता संपलं, आणि आठवडा व्हायच्या आत ८ वर्षं ६६ मिलियनवर सही झाली. जाहीर भांडण हा वाटाघाटीचाच भाग असतो. टीमने जूनमध्ये लिनस उल्मार्कला ओटावाला देऊन टाकलं होतं, दुसरा नंबर एकचा गोलकीपर नव्हताच, मग ते स्वेमनला सोडणार कसे?

खरी भीती ऑफर शीटची, म्हणजे दुसऱ्या टीमने अशा खेळाडूला दिलेल्या कराराची; तो आपण तेवढ्याच पैशात मॅच केला नाही तर खेळाडू जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या ब्रोबर्गला ४.५८ आणि हॉलोवेला २.२९ मिलियनच्या ऑफर शीट एकदम दिल्या, एडमंटनकडे आठवडा होता पण कॅपमध्ये जागा नव्हती, दोघेही गेले आणि बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडचा एकेक पिक मिळाला. हॉलोवेने त्या सीझनला ६० च्या वर पॉइंट्स (गोल आणि असिस्ट मिळून) केले. तुमच्या टीमचा आरएफए सही करत नसेल तर आधी स्वतःचा पायरी २ चा हिशोब बघा, टीमला ऑफर मॅच करणं परवडेल का. परवडत असेल तर शांत राहा.

पायरी ७: ट्रेडची अफवा चाळणीतून काढा

कोणतीही अफवा आली की मी क्रमाने चार प्रश्न विचारतो.

पहिला, कलम काय म्हणतं. नो-मूव्हमेंट असेल तर त्या खेळाडूच्या मर्जीशिवाय ट्रेडही नाही आणि वेव्हर्सही नाही. नो-ट्रेडवाल्याचा ट्रेड अडतो पण वेव्हर्सवर टाकता येतं. काहींचं अर्धवट असतं, दहा टीमची यादी वगैरे. मिच मार्नरचं सगळं प्रकरण या एका कलमावर फिरलं, मार्च २०२५ मध्ये त्याच्या ट्रेडचा विषय निघाल्याच्या बातम्या आल्या आणि तो हलला नाही, मग ३० जूनला, करार संपून मोकळा व्हायच्या आदल्या दिवशी, लीफ्सने त्याला ८ वर्षं ९६ मिलियनचा करार देऊन व्हेगासला पाठवलं आणि बदल्यात निकोला रॉय घेतला. ८ वर्षांचा करार फक्त स्वतःची टीम देऊ शकत होती, बाहेरची ७, त्या एका वर्षाच्या बदल्यात लीफ्सला रॉय तरी मिळाला. कलम आणि करारातली वर्षं समजली तर हा ट्रेड आधीच दिसत होता.

दुसरा, आकडा बसतो का. समोरच्या टीमचा तक्ता उघडा, कॅप हिट टाका, बसला नाही तर पगार अडवून ठेवायचा पर्याय बघा, पाठवणारी टीम ५० टक्क्यांपर्यंत भार स्वतःकडे ठेवू शकते पण एका वेळी अशा तीनच करारांचा. स्कॉट लॉटन लीफ्सला ३ ऐवजी १.५ मिलियनला मिळाला तो असाच, बाकीचे फिलाडेल्फियाकडे राहिले.

तिसरा, हे बाहेर आल्याने फायदा कोणाचा. एजंटला भाव वाढवायचा असतो, जीएमला बाकीच्यांना जागं करायचं असतं. इलियट फ्रीडमन, पिअर लब्रन, ख्रिस जॉन्स्टन यांच्यासारखे पत्रकार शब्द फार जपून वापरतात, टीम ऐकायला तयार आहे आणि टीम फोन करतेय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून त्यांचं मूळ वाक्य शोधून वाचा. तिसऱ्या माणसाने फिरवलेला मथळा वाचून उपयोग नाही.

चौथा, वेळ. सप्टेंबरमध्ये मोठे ट्रेड होतात पण बहुधा एकाच कारणाने, करार शेवटच्या वर्षावर आलाय आणि नवीन करार जमत नाहीये. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये काही दिवसांच्या अंतराने पॅचिओरेटी मॉन्ट्रियलहून व्हेगासला आणि एरिक कार्लसन ओटावाहून सॅन होजेला गेला, दोघांचंही एकच वर्ष उरलं होतं. तेव्हा ओटावाचे फॅन रडले पण त्यात आलेल्या पिकवर २०२० ला टिम श्टुट्झला मिळाला, आणि मॉन्ट्रियलला निक सुझुकी, जो आज त्यांचा कॅप्टन आहे. शेवटचं वर्ष नसेल तर सप्टेंबरमधल्या मोठ्या नावाच्या अफवेवर मी फारसा वेळ घालवत नाही.

कॅम्पच्या शेवटच्या आठवड्यात खरोखर होणारा ट्रेड कसा असतो ते बघायचं तर ८ ऑक्टोबर २०२३ बघा. सॅम लॅफर्टी, चांगला पळणारा, उपयोगी फॉरवर्ड, कॅप हिट १.१५ मिलियन, लीफ्सने त्याला व्हँकूव्हरला पाचव्या राउंडच्या पिकसाठी देऊन टाकलं. कारण एकच, ५ वाजताचा हिशोब बसत नव्हता. २०२५ च्या कॅम्पला लीफ्सकडे एनएचएलचे १४ फॉरवर्ड होते, सगळ्यांना वेव्हर्स लागणारे, वर कावन. लोक दोन-तीन फॉरवर्ड देऊन टॉप-सिक्सचा (पहिल्या दोन लाईनचा) एक विंगर आणा असं लिहीत होते, पण जास्तीचे फॉरवर्ड प्रत्येक टीमकडे त्याच आठवड्यात असतात, कोण कशाला घेईल? शेवटी लॉटन जखमी होऊन एक जागा सुटली, काम्फ वेव्हर्सवर गेला, आणि मोठा ट्रेड झालाच नाही.

पायरी ८: शेवटचे चार दिवस आणि नंतर

रोज दुपारी २ ला यादी बघा आणि तक्त्यात खूण करा. ५ वाजताची डेडलाईन उलटली की लगेच सगळं पक्कं धरू नका. सूट असलेला एखादा पोरगा नंतरही खाली जातो आणि परत वर येतो, ते कॅप वाचवण्यासाठी किंवा एलटीआयआरचा आकडा नीट बसवण्यासाठी असतं. त्याच्या खेळाबद्दल त्यात काहीही म्हटलेलं नसतं.

वेव्हर्समधून सुटलेल्या खेळाडूला परत वर बोलावलं तर ३० दिवस किंवा १० मॅचेस होईपर्यंत त्याला पुन्हा वेव्हर्सशिवाय खाली पाठवता येतं. म्हणून अशा खेळाडूच्या नवव्या-दहाव्या मॅचच्या सुमारास तक्ता परत उघडा, टीमला त्याच्याबद्दल पुन्हा निर्णय घ्यावा लागतो आणि तेव्हाच छोटे ट्रेड निघतात. १ नोव्हेंबरला वेव्हर्सचा क्रम बदलतो तीही तारीख लिहून ठेवा, आणि आरएफए सही करायचा राहिला असेल तर १ डिसेंबरपर्यंत त्याची ओळ खोडू नका.